फराळाची वेबसाइट या वेब डिझाइन स्टुडिओकडून करून घेतली, काम चोख

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचा घरगुती फराळाचा धंदा आहे. चकली, अनारसे, कडबोळी, चिवडा. आधीची वेबसाइट दुसऱ्या कुणीतरी केलेली. दिसायला झकपक, पण मोबाइलवर उघडली की मोठाले फिरते फोटो आणि भाव कुठेतरी तिसऱ्या पानावर. लोक शेवटी फोनच करायचे, "काकू, चकली काय किलो?"

रावपुऱ्यातल्या या स्टुडिओने आधी रंग किंवा लोगोचं काही काढलंच नाही. माणूस तुमच्या साइटवर येतो कशाला, एवढंच विचारलं. भाव बघायला, ऑर्डर द्यायला आणि पार्सल पुण्याला कधी पोचेल ते बघायला. तेवढं पहिल्याच स्क्रीनवर घेतलं. सासूबाईंचा फोटो आणि आमची माहिती खाली गेली. हेच मला सगळ्यात पटलं.

अक्षरांवर तर फार मन लावून काम केलंय. पूर्वी बदामी रंगावर फिकट करडी अक्षरं होती, आमच्या वयाच्या गिऱ्हाइकांना वाचताच येत नसत. वेब सुगम्यतेच्या, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे साध्या मजकुरात अक्षर आणि मागचा रंग यांचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, किमान ४.५ ला १ लागतं. ते त्यांनी माझ्यासमोर मोजलं आणि गडद तपकिरी रंग घेतला. ओळींमधली जागाही वाढवली. आधी 'खुसखुशीत'चे उकार खालच्या 'चकली'च्या वेलांटीत घुसायचे. आता दोन्ही ओळी सुट्या दिसतात.

फोटो हलके केल्यामुळे साइट पटकन उघडते. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं माप आहे. शिवाय प्रत्येक फोटोला वर्णन लिहिलंय, म्हणजे दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो.

एक तारा कापला, कारण गुजराती पान अजून अर्धवट आहे. आणि पिनकोड चुकला तर चौकट नुसती लाल होते, काय चुकलं ते लिहून येत नाही. ज्याला लाल रंग नीट ओळखू येत नाही, त्याने काय करायचं? दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हे झालंच पाहिजे, तसं त्यांना सांगितलंय.

पैसे हप्त्याने घेतात. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, आपल्याच नावावर करून देतात. काम कुणालाही द्या, पण हे आधी विचारून घ्या. आमचं जुनं डोमेन त्या आधीच्या माणसाच्या नावावर होतं, ते सोडवून घेताना नाकी नऊ आले.