ऑर्ग मोड की मार्कडाउन?

साध्या मजकुरात खुणा टाकून लिहायच्या या दोन पद्धती. पटकन लिहायचं नि कुठल्याही एडिटरमध्ये उघडायचं तर मार्कडाउनच, अर्ध्या तासात येतं. पण नोट्स, टुडू, टेबलं आणि चालणारा कोड एकाच फाइलमध्ये हवा असेल तर ऑर्ग मोडला तोड नाही, फक्त त्यासाठी इमॅक्स हा एडिटर शिकायची तयारी पाहिजे.

मराठी पीडीएफ काढताना मात्र दोन्हीकडे अडतं (मार्कडाउनची पीडीएफ पॅनडॉक या रूपांतराच्या साधनाने काढली तर), कारण पीडीएफ बनवणारं डिफॉल्ट इंजिन पीडीएफलाटेक असतं आणि त्याला देवनागरी झेपत नाही, म्हणून झीलाटेक हे दुसरं इंजिन निवडून देवनागरी फॉन्ट द्यायचा. ऑर्गमध्ये हे फाइलच्या डोक्यावर एकदा लिहिलं की झालं, पॅनडॉकला इंजिन कमांडमध्ये सांगावं लागतं.

ऑर्गमध्ये अंडरस्कोअरनंतरची अक्षरं एक्सपोर्टमध्ये खाली घसरतात, तेव्हा फाइलमधल्या #+OPTIONS: च्या ओळीत ^:{} टाका, लगेच सुटतं. मी ऑर्गच घेईन.