टॉवेल मागावरून वेळेत उतरले, शिलाईत अडकले

घरच्या लग्नात आहेरासाठी १५० टॉवेल हवे होते, तेही काठावर वधूवरांची नावे विणलेले. सोलापूरकराने आहेरात दुसरे काही दिले तर बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, म्हणून अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतील एका कारखान्याच्या दुकानात लग्नाच्या २५ दिवस आधी ऑर्डर दिली.

ऑर्डर घेण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली. काउंटरवरील ताईंनी नावांच्या नमुन्यावर माझी सही घेतली आणि बजावले, "एकदा बीम चढलं की रंग बदलून मिळत नाही, साहेब, काय ते आत्ताच सांगा." हा आडमुठेपणा नव्हे. टेरी टॉवेलला ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, दोन बीम (सूत गुंडाळलेले मागाचे मोठे रूळ) लागतात. एकाच्या ताणलेल्या सुतावर कापडाचे अंग विणले जाते, तर दुसऱ्याच्या सैल सोडलेल्या सुतातून पाणी टिपणारे बारीक वेढे उठतात. रंगवलेले सूत बीमवर गेले की रंग ठरून जातो. नाव मात्र जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, डिझाइनमधून येत असल्याने विणायच्या वेळेपर्यंत बदलता येते. हे ओळखून कारखान्याने अधिक खपणाऱ्या चार रंगांचे बीम आधीच भरून ठेवले आहेत आणि त्यांतला रंग घेणाऱ्याला आठ दिवस अलीकडची तारीख दिली जाते. मी मोरपंखी निवडला आणि अठराव्या दिवसाचा वायदा मिळाला.

बाराव्या दिवशी माल मागावरून उतरलाही. प्रत्यक्षात जाऊन पाहिले तर न कापलेल्या टॉवेलांचे ताके भिंतीशी रचलेले, त्यांत माझाही एक, कारण कापून कडा दुमडण्याचे काम बाहेर शिलाईला जाते आणि तिथे आधीच्या ऑर्डरींची रांग होती. एकविसाव्या दिवशी १३८ नग मिळाले. उरलेले १२ लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, दोन फोन केल्यानंतर. मालक कौतुकाने नवा माग दाखवत होते, पण शिलाई आहे तेवढीच राहिली तर त्या मागाने भिंतीजवळचा ढीगच वाढणार.

मालाविषयी तक्रार नाही. सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि ही वीण त्या नावाला शोभते. पहिल्या धुण्यात थोडे तंतू निघाले, रंग गेला नाही. दर किंचित चढा आहे. पुन्हा ऑर्डर इथेच देईन, मात्र पावतीवर शिलाई होऊन माल हाती येण्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देणार नाही.