हायकू की तांका? लिहायला बसण्याआधी

जपानी धर्तीवर काही लिहून बघायचं म्हटलं की बहुतेक जण थेट हायकूकडे वळतात. कवयित्री शिरीष पै यांच्यामुळे तो मराठीत घरचा झाला आहे. तरी मी म्हणेन, आधी तांका लिहून बघा.

हायकूचे तीन चरण, त्यांतले उच्चार-घटक ५-७-५, एकूण १७. तांकाचे पाच चरण, ५-७-५-७-७, एकूण ३१. वयाने तांका कितीतरी थोरला: आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या संग्रहात साडेचार हजारांच्या आसपास कविता आहेत, त्यांत बहुतेक तांकाच. पुढे वरचे तीन चरण एका कवीने आणि खालचे दोन दुसऱ्याने रचायची ‘रेंगा’ ही साखळी रुजली. तिचा पहिला तीनचरणी दुवा सुटा झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कवी मासाओका शिकी यांनी त्याला हायकू हे नाव रूढ केलं.

फरक लिहूनच कळतो. माझ्या वहीतलं हे बघा:

रिकामा झोका
वळिवाचा पहिला
थेंब त्यावर

ऋतू आला, चित्र आलं. झोका कुणाचा, हे वाचकाने शोधायचं. आता आणखी दोन ओळी:

लेक सासरी, तरी
हाक ओठांशी आली

इथे बोलणारी आई समोर आली. भावना बोलून दाखवायची मुभा तांका देतो, हायकू ती फारशी देत नाही. नवशिक्याला ही मुभा हवी असते. माणसांच्या वागण्यावर नेमकं बोट ठेवायचं असेल तर सेनर्‍यू घ्या: मोजणी हायकूचीच, ऋतुसूचक शब्दाची अट नाही.

मोजणीचा मात्र बाऊ नको. जपानीत मोजतात तो उच्चार-घटक, ‘ओन’, हा आपल्या अक्षरापेक्षा मात्रेच्या जवळचा आहे. ‘तोक्यो’ आपल्याला दोन अक्षरांचं दिसतं, जपानीत ते चार ओन भरतं. मी वर अक्षरं मोजली ती केवळ सोय म्हणून. आणि खुद्द ओनो नो कोमाची या जुन्या जपानी कवयित्रीच्या सर्वांत गाजलेल्या तांकाचा पहिला चरण, ‘हाना नो इरो वा’, पाचाऐवजी सहा ओनांचा आहे! त्याच कवितेतल्या ‘नागामे’ या एका शब्दात एकटक बघत बसणंही आहे आणि लांबलेला पाऊसही. तो श्लेष साधायला जे कष्ट पडले असतील, तसे कष्ट आपण शब्दांवर घ्यावेत.

पाच ओळी लिहून झाल्या की खालच्या दोन हाताने झाका. वरच्या तीन तेवढ्यानेच पुरल्या, तर तो हायकू आहे. त्या दोन खोडून टाका.