राहते घर मुलांच्या नावे करताना: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

राहते घर पुढच्या पिढीकडे सोपवायचे म्हटले की महाराष्ट्रातील बहुतेक घरांत चर्चा दोन दस्तांवर येऊन ठेपते: आत्ताच बक्षीसपत्र करून मोकळे व्हावे, की मृत्युपत्र करून ठेवावे. सोसायटीत नॉमिनी नेमला आहे, तेव्हा दोन्हींची गरज नाही, असे मानणारेही पुष्कळ भेटतात. नॉमिनी हा वारसांच्या वतीने मिळकत सांभाळणारा असतो, नामनिर्देशनाने मालक होत नाही; शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितले आहे.

बक्षीसपत्राचे आकर्षण खरे आहे. राहती मिळकत मुलगा, मुलगी, पती, पत्नी किंवा नातवंडांना दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये लागते. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो आणि देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत मालकी बदलते, त्यामुळे पश्चात वाद उकरून काढणे सोपे राहत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे, दोन साक्षीदारांसमोर केलेली सही पुरते. मात्र ते अमलात येते तेव्हा लिहिणारा खुलासा करायला हयात नसतो, आणि नाराज वारसाला शंका घ्यायला तेवढी फट पुरेशी होते.

एवढे पाहून माझाही कल बक्षीसपत्राकडे होता आणि वकिलांकडून मसुदाही तयार करून घेतला होता. त्यात ‘सदर मिळकतीवर यापुढे माझा कोणताही हक्क, अधिकार अथवा हितसंबंध राहिलेला नाही’ हे नेहमीचे वाक्य होते. उद्या मुलगा आणि मुलगी यांच्यातील वाटणी बदलावीशी वाटली तर काय, असे मी विचारले, तेव्हा कळले की पूर्ण झालेले बक्षीसपत्र देणाऱ्याला केवळ आपल्या मर्जीने रद्द करता येत नाही. घेणाऱ्याने राजीखुशीने उलट बक्षीसपत्र करून द्यावे लागते. शिवाय 200 रुपयांच्या सवलतीच्या यादीत आईवडील नाहीत. म्हणजे घर मुलाकडे जाताना दोनशे रुपये आणि परत येताना बाजारमूल्याच्या 3 टक्के शुल्क! खर्चाचे एक वेळ सोडा. मुलावर अविश्वासही नव्हता. पण त्याच्या कर्जापायी जप्ती आली किंवा त्याचे अकाली काही बरेवाईट झाले, तर त्याची राजीखुशी असून उपयोग काय? हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या मुलाच्या पहिल्या वर्गातील वारसांत पत्नी, मुले आणि आई येतात. वडील दुसऱ्या वर्गात जातात. ज्याने घर दिले, त्यालाच त्यात वाटा नाही, ही शक्यता मला पटेना.

म्हणून मी मृत्युपत्र केले. पुढे आमच्या इमारतीचा पुनर्विकास झाला आणि मृत्युपत्रात ज्याचे वर्णन होते तो मजला, तो सदनिका क्रमांक, ते क्षेत्रफळ, काहीच जुळेना. घर अस्तित्वातच नाही म्हणून ती तरतूद निष्फळ ठरल्याचा वाद कोणीही घालू शकला असता. पुरवणी जोडूनही भागले असते. पण पुरवणी गहाळ होण्याची भीती मला अधिक वाटते, म्हणून ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत’ असे लिहून नवे मृत्युपत्रच केले. त्यासाठी कोणाची संमती मागावी लागली नाही. घरात लग्न, जन्म, मृत्यू घडला किंवा मिळकतीची खरेदी-विक्री झाली की हा कागद काढून वाचावा, असे मला वाटते.

मृत्युपत्राच्या उणिवा मात्र नाकारता येत नाहीत. ते न्यायालयात सिद्ध करायची वेळ आली तर निदान एका साक्षीदाराची साक्ष लागते. म्हणून समवयस्क मित्रांऐवजी वयाने लहान, परिचित आणि मिळकतीत ज्यांचा वाटा नाही असे साक्षीदार घेणे बरे. वय झाले असेल तर डॉक्टरांचे त्याच दिवसाचे प्रमाणपत्र जोडावे आणि नोंदणी ऐच्छिक असली तरी करून टाकावी.

वारस एकच असेल किंवा पश्चात भांडण होणार हे स्पष्ट दिसत असेल, तर बक्षीसपत्राचा विचार जरूर व्हावा. तशा वेळी हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राखून ठेवावा, आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या मूलभूत गरजा भागवाव्यात ही अट दस्तातच लिहून घ्यावी. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम 23 खाली, घेणाऱ्याने अट मोडली म्हणून बक्षीसपत्र रद्द करून मागताना, ती लेखी अट फार उपयोगी पडते.