तट्टेकाडची बर्डिंग ट्रिप : चेट्टाला दहापैकी दहा, आयोजक काठावर पास

जानेवारीच्या शेवटी बाबांना घेऊन केरळात तट्टेकाडला जाऊन आलो, ३ रात्री ४ दिवस, माणशी २२ हजार, विमानाचे वेगळे. आयोजक आपल्याकडचेच. नाव लिहीत नाही, भांडण काढायचं नाहीये. पण आल्यापासून जो तो विचारतोय की जाऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

जागेबद्दल तक्रार नाहीच. कोची एअरपोर्टवरून गाडीने दीड-एक तास, कोथमंगलम सोडलं की रबराचे मळे आणि मग पेरियार नदी आणि तिला लागून ते जंगल. पक्षी अभयारण्य १९८३चं, जेमतेम २५ चौरस किलोमीटर, पण पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी १९३०च्या दशकात त्रावणकोर-कोचीनचा सर्व्हे केला तेव्हाच ही जागा हेरली होती. नावही त्यांचंच आहे, आणि गोव्यात चोडणच्या अभयारण्यालाही तेच, तेव्हा गूगल करताना नीट बघा, बाबा आठवडाभर चोडणचा मॅप बघत बसले होते.

आता गाइड. लोकल माणूस, पन्नाशीच्या पुढचा, लुंगी आणि रबरी चपला, दुर्बिणीचा पट्टा तुटलेला तो सुतळीने बांधलेला. सगळे चेट्टा (मल्याळममध्ये दादा) म्हणत होते म्हणून आम्हीही चेट्टा. हिंदी येत नाही, इंग्रजी म्हणजे पक्ष्यांची नावं आणि ‘कम’, ‘स्टॉप’, ‘एलिफंट’. पण कान असा की आम्ही दहा जण महागड्या दुर्बिणी गळ्यात घालून मान वर करून उभे आणि हा खाली जमिनीकडे बघत नुसतं ऐकत ऐकत सांगणार, हार्ट-स्पॉटेड वुडपेकर, डावीकडे, वर, आणि तो तिथेच असणार. धनेशाचं ते वेड्यासारखं हसणं मलाही कळलं, बाकी शून्य.

दुसऱ्या दिवशी फ्रॉगमाउथ, बेडकासारख्या रुंद तोंडाचा निशाचर पक्षी. ज्याच्यासाठी लोक तट्टेकाडला जातात तोच. चेट्टा आम्हाला पायवाटेवर थांबवून एकटा वेताच्या जाळीत शिरला, पंधरा मिनिटं पत्ता नाही, मग नुसता एक हात बाहेर आला, बोटाने बोलावणारा. एकेकाने वाकून जायचं. मी गेलो तर मला दोन वाळकी पानं दिसली. खरंच पानंच. एक राखाडी, एक तांबूस, एकमेकांना चिकटून, फांदीवर अडकलेली. मग त्या राखाडी पानाने डोळ्याची चीर एवढीशी उघडली नि परत मिटली. चोचीवर राठ केसांच्या मिशा. राखाडी तो नर, तांबूस ती मादी, दिवसभर असेच बसतात आणि रात्री किडे मारतात. मी श्वास सोडायचा विसरलो होतो. बाबा बाहेर येऊन म्हणाले, ‘अरे, एवढा पसरट तोंडाचा प्राणी आणि आवाज म्हणून नाही.’

नवरंगही दिसला, तोच आपला, पावसाळ्यात कर्णाळ्याला शिट्ट्या मारणारा. हिवाळ्यात हे लोक दक्षिणेत असतात हे वाचलेलं, पण तिथे पाचोळ्यात टुणटुण उड्या मारताना बघून उगाच गाववाला भेटल्यासारखं झालं.

आता तक्रारी. एक म्हणजे बुकिंगला सहाचा ग्रुप सांगितला आणि प्रत्यक्षात दहा. अरुंद पायवाटेवर दहा माणसं म्हणजे वरात, शेवटच्याला फक्त पुढच्याची सॅक दिसते. दुसरं, आयोजकांचा टूर लीडर. त्याच्याकडे ब्लूटूथ स्पीकर, मोठ्या लेन्सवाल्यांना मलबार ट्रोगनचा (मराठीत कर्णा) फोटो पाहिजे म्हणून त्याचा रेकॉर्ड केलेला कॉल (याला प्लेबॅक म्हणतात) वाजवतोय वाजवतोय वाजवतोय. तो बिचारा कर्णा आला, पाठ करून बसला (त्यांची सवयच ती, लाल पोट दाखवतच नाहीत), हलेना, तरी स्पीकर चालूच. शेवटी चेट्टाने ‘इनफ’ म्हणून स्वतः स्पीकर बंद केला. गंमत म्हणजे पुढे भूतत्तान्केट्टू धरणावर गेलो, तिथली गोष्ट अशी की देऊळ बुडवायला भुतं रातोरात नदीवर बांध घालत होती, तर शंकराने कोंबड्याची बांग काढली आणि उजाडलं समजून भुतं पळाली. म्हणजे प्लेबॅकला फसण्याची परंपरा तिथे जुनीच.

तिथली बोट राइड मात्र छान. तिरंदाज पंख वाळवत बसलेले, स्टॉर्क-बिल्ड किंगफिशर अगदी जवळून, त्याची लालभडक चोच त्या अंगाला शोभतच नाही. पण लाइफ जॅकेटं आम्ही मागितल्यावर निघाली, तीही दोन कमी. याच तट्टेकाडला २००७ मध्ये बोट बुडून शाळेची मुलं आणि शिक्षक गेलेत, तिथे हे मागावं लागतं? बाबांना आणि अजून एका काकूंना जॅकेट चढवलं तेव्हाच बोट हलू दिली, लीडरचं तोंड वाकडं झालं तर होऊ दे.

जेवण होमस्टेचं, पुट्टू-कडला, कप्पा आणि मीन करी, त्यावर वेगळं लिहीत नाही, तीन दिवसांत दीड किलो वाढलो.

तर जा, पण या आयोजकांकडून नको. लोकल गाइड आणि होमस्टे थेट ठरवा, चार जणांत जा, डिसेंबर ते फेब्रुवारी. पुढच्या वर्षीचं आम्ही चेट्टाशी बोलून आलोय. आणि जळवांना फार घाबरू नका, जानेवारीत कमी असतात. जंगलात मला एकही लागली नाही, बाबांना दोन लागल्या, दोन्ही होमस्टेच्या बागेत पेपर वाचताना.