नवीकोरी कॅरव्हॅन, तीच ती गळती: डीलरच्या वॉरंटी सर्व्हिसबद्दल

विकणाऱ्याला पाच तारे, वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला चार, आणि वॉरंटीच्या काउंटरला एक. तोही शून्य देता येत नाही म्हणून.

मेलबर्नच्या उत्तरेला कॅम्पबेलफील्ड आणि आसपास कॅरव्हॅनचे कारखाने आणि शोरूम एकाला लागून एक आहेत. तिथल्याच एका डीलरकडून आम्ही कॅरव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली. नाव लिहीत नाही, कारण ओळखीतल्या कुणाचंही काउंटर याहून वेगळं निघालेलं नाही.

पहिल्या मोठ्या पावसात, हॉल्स गॅप या डोंगराळ गावी, गादीचा पुढचा कोपरा ओला लागला. अहोंचं म्हणणं, श्वासाची वाफ असेल, खिडक्या बंद होत्या. पण वाफ एकाच कोपऱ्यात कशी जमेल? पलंगाखालचा खण रिकामा करून प्लायवर अंगठा दाबला, तर तो आत गेला. वासही कुबट, बंद माळ्यासारखा.

काउंटरवर सांगितलं तर तारीख मिळाली दीड महिन्यानंतरची. गाडी परत आली तेव्हा खिडकीभोवती पांढऱ्या सिलिकॉनची जाड रेघ होती आणि कागदावर ‘सील केले, काम पूर्ण’. पुढच्या पावसात ये रे माझ्या मागल्या. पुन्हा तारीख, पुन्हा रेघ, आधीच्या रेघेवरच! पाणी शिरतंय कुठून, हे शोधायची तसदी कुणी घेतली नाही. तिसऱ्या खेपेला तर ऐकवलं, ‘खडबडीत रस्त्यावर नेली असणार, ते वॉरंटीत बसत नाही.’ आम्ही नेली होती ती गुळगुळीत हायवेवरून, पॉवर्ड साइटवर, म्हणजे वीजजोडणी असलेल्या कॅम्पिंगच्या जागी.

फ्रिजची कथा निराळी. बॅटरी भरलेली दाखवायची आणि तरी पहाटे फ्रिज बंद. दही आंबून ढोण. काउंटर म्हणे फ्रिजच्या कंपनीला फोन करा, फ्रिजची कंपनी म्हणे वायरिंग कॅरव्हॅनवाल्याचं, कॅरव्हॅनवाला म्हणे डीलरला विचारा. या टोलवाटोलवीत उन्हाळा गेला. शेवटी वर्कशॉपमधल्या एका वयस्क मेकॅनिकने मीटर लावला. बॅटरीपाशी बारा व्होल्टच्या वर, आणि कॉम्प्रेसर सुरू होताच फ्रिजपाशी जेमतेम साडेदहा. एवढ्या अंतराला वायर बारीक होती, वाटेतच व्होल्टेज पडत होतं आणि फ्रिज स्वतःला वाचवायला बंद होत होता. त्याने जाड केबल टाकली, अर्ध्या दिवसात काम. तेव्हापासून तक्रार नाही. चार तारे त्याचेच. (बाथरूमचं दार आणि ड्रॉवरच्या कड्या यांबद्दल लिहीत नाही, त्या अहोंनीच बसवल्या.)

गळती मात्र सुटली ती कागदाच्या जोरावर. वॉरंटीच्या पुस्तिकेत एक परिच्छेद असतो, तो कुणी वाचत नाही: या मालाला ऑस्ट्रेलियन ग्राहक कायद्याची हमी आहे आणि ती काढून घेता येत नाही. हे वाक्य छापणं कंपनीला बंधनकारक आहे. 2011 पासून लागू असलेला हा कायदा कंपनीच्या वॉरंटीहून वेगळा आहे. वॉरंटीची मुदत संपली म्हणजे ही हमी संपली असं नाही. शिवाय जबाबदारी ज्याने विकलं त्याची. ‘कंपनीशी बोला’ म्हणून दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. दोष ‘मेजर फेल्युअर’, म्हणजे गंभीर, ठरला, तर पैसे परत की बदली गाडी, हे ग्राहक ठरवतो, दुकान नाही. बारीकसारीक दोष एकत्र मिळूनही मेजर ठरू शकतात, हे आम्हाला फारच उपयोगी पडलं.

आम्ही डीलरशी संबंध नसलेल्या माणसाकडून ओल तपासून घेतली. मीटरवर कोपऱ्यातली ओल तीस टक्क्यांच्या पुढे, बाकी भिंती पंधराच्या आत. तो अहवाल, पावसातले फोटो, प्रत्येक खेपेचा जॉब कार्ड आणि ‘मेजर फेल्युअर’ हे दोन शब्द घालून ईमेल धाडली. अमुक तारखेपर्यंत उत्तर नाही आलं तर व्हीकॅट, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या न्यायाधिकरणाकडे जाऊ, हेही लिहिलं. इतके दिवस फोन न उचलणाऱ्या मॅनेजरचा दुसऱ्याच दिवशी फोन! आवाजात इतका गोडवा की मी नंबर पुन्हा तपासला.

पैसे परत मागायचा हक्क आहे, हे आम्ही त्याला सांगितलं. पण कॅरव्हॅनची आतली मांडणी आमच्या मनासारखी होती, म्हणून दुरुस्ती स्वीकारली. अट एकच: पत्रा उघडायचा, आतलं दाखवायचं, नवा प्लाय घालायचा आणि हे सगळं लेखी द्यायचं. पत्रा उघडला तेव्हा मी तिथे उभी होते. खिडकीच्या चौकटीमागे सीलची चिकटपट्टी चारही बाजूंनी हवी. खालच्या एका कोपऱ्यात ती लावलीच नव्हती. बोटभर फट. पाणी तिथून भिंतीच्या आत उतरून थेट पलंगाच्या खणात. बाहेरून सिलिकॉन कितीही थापलं असतं तरी उपयोग नव्हता.

तेव्हापासून दोन हिवाळी पाऊस झाले, कोपरा कोरडा आहे. कॅरव्हॅन म्हणाल तर छान आहे, कुकरची शिट्टीही व्यवस्थित होते. या डीलरकडे जाणार असाल तर ताबा घेण्याआधी तिथेच खिडक्यांवर होजपाइप धरायला सांगा आणि आत बसून बघा. काउंटरवर तोंडी काहीच बोलू नका, सगळं ईमेलवर. आणि त्या वयस्क मेकॅनिकची ड्यूटी कोणत्या दिवशी असते ते विचारून मगच बुकिंग करा.