पिकार्ड की एमपीथ्रीटॅग?

दोन्ही संगणकावरचे प्रोग्रॅम, गाण्यांच्या फाइलींत टॅग म्हणजे कलाकार, अल्बम, वर्ष अशी माहिती भरणारे. ‘ट्रॅक ०१’ छापाची शेकडो बेनाव गाणी साठली असतील, तर म्युझिकब्रेन्झ पिकार्ड घ्यावं. ते फाइलच्या नावावर विसंबत नाही. ‘स्कॅन’ दाबलं की प्रत्यक्ष आवाजावरून ध्वनीचा ठसा काढतं, अ‍ॅकॉस्टआयडी या ठशांच्या साठ्याशी जुळवतं आणि म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या माहितीसाठ्यावरून कलाकार, अल्बम, वर्ष आणून भरतं. फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पण त्याचा जीव अल्बममध्ये अडकलेला. एकच गाणं मूळ अल्बमात आणि चार संकलनांत असेल, तर ते कधीकधी भलत्याच संकलनात नेऊन बसवतं. ‘सेव्ह’ करण्याआधी उजवीकडची यादी नजरेखालून घालाच. मी एकदा कंटाळा केला, तर एका अल्बमची तीन शकलं झाली!

एमपीथ्रीटॅगला आवाज ओळखता येत नाही. त्याची ताकद तक्त्यात आहे. दोनशे फाइली निवडा, ‘अल्बम आर्टिस्ट’ एकदाच लिहा, काम झालं. फाइलच्या नावातून टॅग भरायचे किंवा टॅगवरून फाइलींना नावं द्यायची, तर एक साचा लिहिला की पुरतं. विंडोजवर फुकट, मॅकवर मात्र पैसे मोजावे लागतात.

घरी केलेली ध्वनिमुद्रणं, खासगी मैफली कुठल्याच साठ्यात सापडत नाहीत. तिथे पिकार्डचा उपयोग थोडाच. बाजारात आलेल्या अल्बमांना मी आधी पिकार्ड लावतो आणि उरलेली शुद्धलेखनाची मारामारी एमपीथ्रीटॅगमध्ये उरकतो. एमपीथ्रीत टॅग लिहिण्याची जी आयडीथ्री नावाची पद्धत आहे, तिची आवृत्ती दोन्हींत निवडता येते. प्लेअर जुना असेल तर २.३ ठेवा.